नऊ तास बाहेर, तीनदा पंप: कोणता घ्यावा?

प्रश्न: माझं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. साडेतीन आठवड्यांनी बँकेत रुजू व्हायचंय. सव्वानऊला घर सोडलं की परत यायला साडेसहा होतात. बाळाला सासूबाई सांभाळणार आहेत, पण काढून ठेवलेलं दूध म्हणजे शिळंच, ते बाळाला बाधेल, असं त्यांचं म्हणणं. नणंदेचा तीन वर्षांपूर्वीचा, दूध काढायचा इलेक्ट्रिक पंप घरात पडून आहे. औषधाच्या दुकानात रबरी फुग्याचा पंप शंभर-दीडशेत मिळतो. मैत्रीण म्हणते, कपड्यांच्या आत बसणारा बिनवायरचा घे. एकदा उसना हातपंप लावून पाहिला, बाळाचं पिऊन झाल्यावर. वीस मिनिटांत जेमतेम 40 मिली आलं. मला दूधच कमी आहे का? आणि पंप नेमका कोणता घेऊ?
— एक आई, नाशिक

उत्तर: आधी त्या 40 मिलीचं. बाळ नुकतंच पिऊन झालेलं असताना दोन्ही बाजू मिळून 30 ते 60 मिली निघणं अगदी नेहमीचं आहे. पिण्याची एक वेळ चुकवून त्या जागी पंप लावला तर साधारण 60 ते 120 मिली येतं. शिवाय पंपाला जे निघतं ते बाळाला मिळणाऱ्या दुधाचं माप नव्हे, बाळ पंपापेक्षा बरंच जास्त ओढून घेतं. वजन वाढतंय आणि दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत ना? मग दूध कमी नाही.

आता हिशेब. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात सरासरी 750 मिलीच्या आसपास दूध लागतं, आणि या काळात हा आकडा फारसा वाढत नाही. आई घरात नसताना तासाला 30 ते 45 मिली धरायचं. तुमच्या सव्वानऊ तासांना म्हणजे अंदाजे 300 ते 400 मिली. निघताना आणि परतल्यावर लगेच पाजलंत तर तीनशेतही भागेल. एवढं दूध कामाच्या वेळेत तीनदा पंप लावून काढायचं आहे, आणि पंप निवडायचा तो याच गरजेवरून.

तीनदा, आठवड्याचे पाच-सहा दिवस, पुढचे सहा-सात महिने. या कामाला दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा, चार्जिंगवर चालणारा इलेक्ट्रिक पंप घ्या. एका बाजूचा पंप लावलात तर प्रत्येक वेळी 30 मिनिटं जातात, दुहेरीत 15 ते 20. आईचं मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसाला दोन विराम देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ते दोन विराम आणि जेवणाची सुट्टी धरली की तुमच्या तीन वेळा बसतात. मात्र दर वेळी अर्धा-अर्धा तास काउंटर सोडणं रोज जमणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रुजू होण्याआधीच शाखा व्यवस्थापकांना लेखी कळवा आणि कडी लागणारी खोली मागून घ्या. रेकॉर्ड रूम चालेल, स्वच्छतागृह नको.

हातपंप वाईट नसतो. आठवड्यातून एक-दोनदा बाहेर जाणारीला, किंवा छाती भरून आली की थोडं हलकं करायला तो पुरेसा आहे आणि वीज गेली तरी चालतो. रोज तीनदा मात्र मनगट भरून येतं, आणि दोन बाजू म्हणजे दुप्पट वेळ.

रबरी फुग्याचा, सायकलच्या भोंग्यासारखा दिसणारा पंप घेऊच नका. स्वस्त आहे म्हणून घरोघरी तोच आणला जातो आणि मग ‘पंपाने फार दुखतं बाई’ असं सगळ्याच पंपांचं नाव खराब होतं. फुगा सोडला की ओढ एकदम पूर्ण बसते, कमी-जास्त करायची सोय नाही, त्यामुळे बोंडाला जखम होते. दूध फुग्याच्या आत शिरतं, आणि आतून तो ना घासता येतो ना नीट वाळतो. तसं दूध बाळाला देण्याजोगं राहत नाही.

कपड्यांत बसणारा बिनवायरचा पंप मोहात पाडतो खरा. त्याच्या वाटीत साधारण 120 ते 150 मिली मावतं, खाली वाकलात की सांडतं, बोंड छातीवर बसणाऱ्या फनेलच्या मधोमध आहे की नाही ते लावल्यावर दिसत नाही, आणि धुवायला बारीक भाग जास्त. बऱ्याच स्वस्त मॉडेलांची मोटरही दुबळी असते. घरी बाळ अंगाखांद्यावर असताना दुसरा पंप म्हणून ठीक. सगळी मदार त्यावर ठेवू नका.

नणंदेचा पंप खुला की बंद, ते आधी पाहा. बंद रचनेत दूध आणि मोटर यांच्यामध्ये सिलिकॉनचा पडदा असतो, त्यामुळे दुधाचा थेंब नळीत जात नाही. खुल्या रचनेत तो पडदा नसतो. दुधाची वाफ आणि थेंब नळीतून मोटरपर्यंत पोचतात, आत बुरशी धरते, आणि मोटर उघडून धुता येत नाही. असा पंप दुसरीने वापरायचाच नाही, नळ्या नव्या घातल्या तरीही. बंद रचनेचा असला तरी घरगुती पंप एकीपुरतेच बनवलेले असतात, उत्पादकही तसंच लिहितात, आणि तीन वर्षं पडून राहिलेली बॅटरी दगा देते. रुग्णालयांत अनेक जणी वापरतात ते पंप वेगळे: मोटर त्यासाठीच घडवलेली, आणि दुधाला लागणारा सगळा संच प्रत्येकीचा स्वतंत्र. मोठ्या शहरांत ते भाड्यानेही मिळतात, पण त्यांची खरी गरज असते ती अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत आहे आणि चोवीस तासांत आठ-दहा वेळा पंप लावायचाय अशा आईला. तुम्हाला नाही.

आता ज्या गोष्टीकडे दुकानात कुणी लक्ष देत नाही ती: फनेल. छातीवर बसणारा हा कर्ण्यासारखा भाग, डब्यावर फ्लँज किंवा शील्ड लिहिलेलं असतं. बहुतेक डब्यांत 24 मिलीमीटरचा येतो, काहींत जोडीला 28 चा. हे माप कर्ण्याच्या तोंडाचं नव्हे, बोंड ज्या नळकांड्यात जातं त्याचं. आणि आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना 24 मोठा पडतो. मोठ्या फनेलमध्ये बोंडाभोवतीची काळी कातडीही आत ओढली जाते, सुजते, दुधाच्या वाहिन्या दाबल्या जातात आणि दूध कमी निघतं. मग बाई ओढ वाढवते, सूज आणखी वाढते, आणि शेवटी दोष दुधाला लागतो. तुमच्या त्या उसन्या हातपंपाचा फनेल कुठल्या मापाचा होता, विचारून पाहा.

माप असं घ्या. पाजण्याआधी किंवा पाजून अर्धा-पाऊण तास झाल्यावर, बोंड हलकंसं उठलेलं असताना, त्याच्या बुंध्याची रुंदी मिलीमीटरच्या पट्टीने मोजा. काळी कातडी धरायची नाही. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, सारख्या नसतात. आलेल्या आकड्यात 1 ते 3 मिलीमीटर मिळवा: बुंधा 16 असेल तर 17 किंवा 19 चा फनेल. मोठ्या फनेलात बसवायच्या सिलिकॉनच्या आतल्या कड्या 21, 19, 17 अशा मापांत स्वस्तात मिळतात. बरोबर बसलाय की नाही हे चालू पंपात दिसतं: बोंड मधोमध, पुढेमागे मोकळं हलतंय, भिंतीला घासत नाही. थांबवल्यावर बोंडाचं टोक पांढरं पडलं किंवा कडेने चिमटा बसल्यासारखं दुखलं तर फनेल लहान. काळी कातडी बरीच आत जाऊन गोल वळ उठला तर मोठा.

म्हणून पंप घेताना पहिला प्रश्न ‘पॉवर किती’ हा नको. याचा फनेल कोणकोणत्या मापांत येतो आणि व्हॉल्व्ह, पडदा, नळी सुटी मिळते का, हे विचारा. मिळत नसेल तर कितीही देखणा असला तरी ठेवून द्या. डब्यावरचे ओढीचे ‘300 मिमी पारा’ असले आकडे पाहून भुलू नका. चांगलं पिणाऱ्या बाळाची ओढ भरात साधारण दीडशेच्या आसपास असते. अडीचशेपर्यंत जाणारा पंप रग्गड झाला आणि तेवढ्यावर तो लावायचाही नसतो. त्याऐवजी हे पाहा: ओढ आणि वेग दोन्ही वेगवेगळे बदलता येतात का, एका चार्जिंगमध्ये तीन वेळा निभतात का, मोबाइलच्या चार्जरवर चालतो का, आवाज किती. दुहेरी पंप दोन-तीन हजारांपासून पंधरा हजारांच्या वरपर्यंत आहेत. आमच्या मते मधल्या किमतीतला, सुटे भाग मिळणारा घेऊन उरलेल्या पैशांत व्हॉल्व्हची एक जादा जोडी आणि योग्य मापाच्या कड्या घ्याव्यात. एकदा उघडलेला पंप बरेच दुकानदार परत घेत नाहीत, तेव्हा अटी आधीच विचारा आणि त्याच दिवशी कोरडाच चालवून फनेल गालाला लावून ओढ तपासा.

व्हॉल्व्ह म्हणजे फनेलखाली बाटलीच्या तोंडाशी बसणारा छोटा सिलिकॉनचा तुकडा, बदकाच्या चोचीच्या आकाराचा. ओढ त्याच्यामुळेच तयार होते. चोच धुताना बोटाने ताणली किंवा ब्रशने घासली की तिची चीर सैल पडते आणि ओढ गळते. रोज तीनदा वापरात साधारण दीड-दोन महिन्यांनी बदलावी लागते, पातळ चकतीचा व्हॉल्व्ह असेल तर त्याहून लवकर. पंप अचानक ‘कमजोर’ झाला तर मोटरला दोष देण्याआधी क्रमाने पाहा: चोचीची चीर उजेडात मिटलेली दिसते का, पडदा कडेपर्यंत नीट बसलाय का, नळी टोकाशी फाटली किंवा सैल झाली आहे का, फनेल ओला राहून घसरतोय का. दहांतल्या नऊ तक्रारी इथेच मिटतात.

लावताना आधी हात धुवा, मग मिनिटभर छाती हलक्या हाताने चोळा, खांदे सैल सोडा. सुरुवात मसाजच्या, म्हणजे जलद आणि हलक्या लयीने. बाळही आधी भराभर चोखतं आणि पान्हा फुटला की संथ, खोल घोट घेतं. एक-दोन मिनिटांत धार लागली की संथ लय लावा. ओढ एकेक पायरी वाढवा, जरा नकोसं वाटलं की एक पायरी खाली या. तीच तुमची पायरी. दुखलं की पान्हा आटतो, म्हणून सोसण्यात काहीच फायदा नाही. धार थांबली की पुन्हा दोन मिनिटं जलद लय, बहुतेक वेळा दुसरा पान्हा येतो. फोनमध्ये बाळाचा व्हिडिओ ठेवा; बाटलीकडे टक लावून बसण्यापेक्षा तो बघितलेला बरा. पंप चालू असतानाच मोकळ्या हाताने छाती बाहेरून बोंडाकडे दाबत आणलीत तर दूध वाढतं. शेवटी दोन-तीन मिनिटं हाताने पिळा: अंगठा आणि तर्जनी बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. ही कला येत असली की पंप घरी विसरला त्या दिवशीही अडत नाही.

कार्यालयात साडेअकरा, दोन आणि साडेचार अशा वेळा धरा. एखादी चुकली तर हरकत नाही, पण रोज एकच चुकू लागली की शरीर तेवढं दूध कमी करतं. दूध किती बनावं हे ते किती रिकामं होतं त्यावर ठरतं. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आवडीने खा, मात्र चुकलेल्या पंपाची भरपाई त्यातून होत नाही.

साठा आजपासून दहा-बारा दिवसांनी सुरू करा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने एकदा पंप लावा, कारण सकाळी दूध सर्वांत जास्त असतं. रोज 40-50 मिली जमलं तरी रुजू होईपर्यंत पाचशे मिली होतं, आणि तेवढा साठा भरपूर आहे. फ्रीजर भरून ठेवायच्या नादात दिवसातून पाच-पाचदा पंप लावू नका. दूध गरजेपेक्षा जास्त बनू लागलं की गाठी आणि ताप मागे लागतात.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत तेवढंही धरू नका, काढल्या काढल्या बर्फाच्या पिशवीत ठेवा. थर्मल पिशवी आणि रात्रभर गोठवलेल्या दोन-तीन जेल पट्ट्या बाटल्यांना चिकटून असतील तर दिवसभराची चिंता नाही. घरी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस. दाराच्या कप्प्यात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. एकदारी फ्रिजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांहून जास्त ठेवू नका. वीज गेली तर दार उघडू नका. दुधात अजून बर्फ शिल्लक असेल तर ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचं. 60 ते 100 मिलीचे भाग करा, वर तारीख लिहा, आणि ताजं कोमट दूध आधी थंड करून मगच जुन्यात मिसळा.

सासूबाईंना एक गोष्ट नक्की सांगा: हे दूध तापवायचं नाही. आपल्या घरांत दूध आलं की गॅसवर चढतं, ती सवय इथे मोडावी लागेल. उकळीने त्यातले संरक्षक घटक जातात. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली दहा मिनिटं ठेवली की झालं. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतकं तापतं. थंड झाल्यावर साय वर येऊन दोन थर दिसतात, त्याला फाटलं म्हणून ओतून देऊ नये, बाटली गोल फिरवली की एकजीव होतं. गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच, स्निग्धांश फोडणाऱ्या लायपेज या घटकाचा, बाळाला अपाय नाही; पण काही बाळं ते नाकारतात. म्हणून साठा करण्याआधी थोडं दूध पाच-सहा दिवस गोठवून चव पाहा. कोमट केलेलं आणि बाळाने उष्टं केलेलं दूध मात्र दोन तासांनंतर टाकून द्यायचं. आणि शिळं म्हणाल तर मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 पासून मानवी दुग्धपेढी आहे. दुग्धपेढ्यांमध्ये आयांनी दान केलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास पाश्चराइझ करून गोठवतात आणि तेच नाजूकातल्या नाजूक बाळांना दिलं जातं. हे ऐकून सासूबाईंचा विरोध मावळेल असं नाही, पण पहिल्या दिवशी त्यांच्याच हातून दोनदा पाजून घेतलं की निम्मं काम होतं.

पंपाच्या डब्यात बाटली आणि निप्पल येतं म्हणून ते वापरलंच पाहिजे असं नाही. वाटी-चमचा किंवा घरातलं चांदीचं बोंडलं उत्तम. धुवायला सोपं आणि बाळ छाती सोडून निप्पलला सोकावत नाही. सवय आतापासून लावा, तुम्ही खोलीत नसताना. तुमचा वास येत असेल तर बाळ वाटीकडे बघणारही नाही.

स्वच्छतेत कसूर नको. 2016 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला क्रोनोबॅक्टर जंतूचा गंभीर संसर्ग झाला, आणि तेच जंतू पंपाच्या भागांत सापडले. त्यानंतर तिथल्या आरोग्य यंत्रणेने पंप धुण्याचे तपशीलवार नियम काढले. दुधाला लागलेले सगळे भाग दर वेळी सुटे करा, नळाखाली विसळा, मग गरम साबणाच्या पाण्यात फक्त यासाठी ठेवलेल्या तसराळ्यात धुवा. सिंकमध्ये टेकवायचे नाहीत. धुतल्यावर स्वच्छ फडक्यावर हवेत वाळू द्या, पुसू नका. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा; नळी आणि मोटर सोडून. बँकेत तीनदा धुणं जमणार नसेल तर फनेल आणि व्हॉल्व्हचे दोन-तीन संच घेऊन जा आणि वापरलेले घरी धुवा. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर शेवटी दोन मिनिटं मोकळा पंप चालवून वाळवा. दूध किंवा काळे ठिपके दिसले तर नळी फेकून नवी लावा.

छातीत दुखरी गाठ आली तर पाजणं चालू ठेवा, वरून थंड शेक द्या, रगडू नका आणि पंपाने जास्तीचं उपसूही नका. एका जागी लाली, 38.5 अंशांच्या वर ताप आणि अंगात कणकण असेल, किंवा दिवसभरात उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी प्रतिजैविकं आहेत, दूध तोडायची गरज नसते.

रुजू व्हायची तारीख थोडी हलवता आली तर सोमवारऐवजी गुरुवारी जा. दोन-तीन दिवसांत बाळ तुमच्यामागे किती प्यायलं आणि तुम्हाला किती निघालं हे कळेल, आणि रविवारी बसून वेळा व बाटल्या पुन्हा जुळवता येतील. सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू होईल. त्यानंतर हळूहळू तिसरा पंप सोडता येतो, पण आधी साडेचारचा सोडा, दोनचा नको. संध्याकाळी घरी पोचताच बाळ तो भरून काढतं.